चौसष्ट घरं, चौसष्ट फ्रिज

हे काम माझ्यावर कोणी लादलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो. मी हात वर करून मागून घेतलं.

दोंडाईच्यातल्या एका हायस्कुलात मी क्लार्क आहे. नाव हेमराज. (शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे 'भाऊ' म्हणतात. मुख्याध्यापक फक्त काम सांगताना म्हणतात.) एप्रिल महिन्यात जिल्ह्यातल्या खेड्यांची पाहणी निघाली. गावात माणसं किती, घरात नळ आहे का, वीज आहे का, संडास, टीव्ही, फ्रिज, जवळचा डॉक्टर किती लांब, असा आठ पानांचा फॉर्म होता. पर्यवेक्षक म्हणून अखिल साहेब नावाचा तरुण माणूस गावांची यादी घेऊन शाळेत आला. सगळे मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. माझी नजर मात्र यादीतल्या एका नावावर गेली. हिंगणपाडा. सातपुड्याच्या पायथ्याशी, चौसष्ट घरं.

माझी सासुरवाडी!

आंब्याचे दिवस होते. डोळ्यांपुढे सासूबाईंचे खापरावरचे मांडे आले, शेजारी आमरसाची वाटी आली आणि माझा हात आपोआप वर गेला.

घरी आल्यावर रोहिणीला सांगितलं. वाटलं, बायको खूश होईल.

"तुम्ही नका जाऊ तिथे," ती म्हणाली. "तुम्ही गावचे जावई. तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही."

"सरकारी कागद आहे, रोहिणी. कागदापुढे खोटं बोलायची हिंमत नाही कोणाची."

"कागदापुढे नसेल. जावयापुढे आहे."

(लग्नाला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत रोहिणीचं किती वेळा खरं ठरलं, याचा फॉर्म सुदैवाने कोणी भरून घेत नाही.)

या पाहणीत एक मोठी गोष्ट अडकलेली होती. ज्या गावात सोयी कमी, ते गाव यादीत वर जाणार आणि पहिल्या पाच गावांना आरोग्य उपकेंद्र मिळणार, नर्सबाईसकट. हिंगणपाडा दहा वर्षं उपकेंद्र मागत होतं. जवळचा दवाखाना चौदा किलोमीटर, मध्ये नाला. गेल्या पावसाळ्यात गावातल्या कमलबाईंच्या सुनेचं बाळंतपण नाल्याच्या अलीकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालं होतं. आणि आता माझा मेहुणा विक्रम याची बायको शीतल हिला सातवा महिना होता. म्हणजे ऐन पावसात. माझ्या पेनाच्या टोकावर काय अवलंबून आहे, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी डोक्यात मांडे घेऊनच एसटीत चढलो.

पहिलं घर सुपडू नानांचं. खुर्ची मांडलेलीच होती. हातांची, प्लास्टिकची, निळी. बसलो तर डावीकडे तडा गेलेला होता. त्याने असा चिमटा काढला की मी उभाच राहिलो.

"बठा बठा, जवाईबुवा!"

नळ, वीज विचारून झाल्यावर मी म्हणालो, "नाना, फ्रिज आहे का घरात?"

नानांनी नानीकडे बघितलं. नानीने मागच्या दाराकडे बघितलं.

"शे ना! पन आधी चहा ल्या. पोहा ल्या. मंग फ्रिज देखा. तो कोठे पळी जास?"

चहा झाला, पोहे झाले, वाटीभर रस झाला. अर्धा तास गेला. मग नानांनी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मला लाल रंगाचा फ्रिज दाखवला. दारावर मोराचं स्टिकर. त्यातलं पाणी मला दिलं, तर दात कळवळले. मी लिहिलं, 'फ्रिज : आहे.'

दुसऱ्या घरी निळी खुर्ची होती. डावीकडून चिमटा. चहा, शेव, रस. फ्रिज लाल, दारावर मोर.

पाचव्या घरापर्यंत माझ्यातला संशोधक जागा झाला. अख्ख्या गावाने एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच रंगाचे फ्रिज घेतले असणार. घाऊक घेतले तर सूट मिळते. खुर्च्याही तशाच घेतल्या असणार, सगळ्या डावीकडून फुटक्या. मला गावाच्या एकीचं कौतुक वाटलं आणि ते मी शेऱ्यात लिहिलंसुद्धा. दुपारनंतर फ्रिजमधलं पाणी कोमट यायला लागलं. तिथे शेरा मारला, 'व्होल्टेज कमी.'

घरांनंतर गावाचे प्रश्न होते. ते पारावर बसून विचारले.

"गावात डॉक्टर आहे?"

"झुलाल शे ना!" सगळे एका सुरात म्हणाले.

झुलाल छाती पुढे काढून उठला. "आख्खा गावले मीच इंजेक्शन देस, जवाईबुवा."

मी लिहिलं, 'डॉक्टर : गावातच उपलब्ध.' (झुलाल बैलांना इंजेक्शन देतो. मी 'कोणाला' हे विचारलं नाही. फॉर्ममध्ये तसा प्रश्न नव्हता.)

"इंटरनेट?"

"शे. पानीनी टाकीवर चढं का रेंज येस."

'इंटरनेट : आहे.' पाण्याच्या टाकीचंही लिहिलं. तिच्यात पाणी आहे का, हे विचारायचं राहून गेलं. तेवढ्यात समोरच्या घरातून भज्यांचा वास आला होता.

तीन दिवसांत चौसष्ट घरं झाली. (शेवटचं घर सासऱ्यांचं, तिथे फ्रिज त्याच संध्याकाळी आला आणि रात्री 'दुरुस्तीला' गेला.) माझं वजन वाढलं, शर्टाचं एक बटण गेलं आणि फॉर्म तालुक्याला पोचले. आंबे संपेपर्यंत रजा टाकून मी सासरीच थांबलो. पाचव्या दिवशी अंगणात बाजेवर पडलो होतो, तर अखिल साहेबांचा फोन आला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मी स्पीकर लावला.

"हेमराजभाऊ, अभिनंदन! तुमचं हिंगणपाडा सोयींमध्ये तालुक्यात पहिलं! चौसष्ट घरांत चौसष्ट फ्रिज. अहो, माझ्या कॉलनीत नाहीत एवढे!"

मी सासऱ्यांकडे, रुपसिंग आबांकडे, मोठ्या अभिमानाने बघितलं. ते बैलाकडे बघायला लागले.

"मग साहेब, उपकेंद्र कधी येतंय?"

"उपकेंद्र कशाला? गावात डॉक्टर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. सोयी नसलेल्या गावांच्या यादीत हिंगणपाडा शेवटचं आहे."

शीतल दारात उभी होती. पदर सारखा करून ती मुकाट्याने आत गेली. रडली असती तर परवडलं असतं. मला माझी इतकी लाज वाटली की सासूबाईंनी पुढे केलेली रसाची वाटी मी परत केली. (निदान अर्धी तरी.)

"साहेब, काहीतरी चूक झालीय!" मी फोनमध्ये ओरडलो.

"मग दुरुस्त करा. परवा संध्याकाळी मी गावात येतो. प्रत्येक घराचा नवा फॉर्म, खाडाखोड नको. त्यानंतर यादी बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुपडू नानांकडे गेलो. या वेळी चहा घेतलाच नाही. "नाना, फ्रिज आत्ता दाखवा," असं म्हणून मी सरळ मागच्या दाराने बाहेर पडलो आणि समोरून येणाऱ्या फ्रिजवर आपटलो.

फ्रिज लोटगाडीवर आडवा होता. दोघे जण ढकलत होते, तिसरा निळी खुर्ची डोक्यावर घेऊन पळत होता आणि सगळ्यांच्या मागे, दोन्ही हातांत थंड्याच्या बाटल्या घेतलेले, गावातले एकुलते एक दुकानदार पन्नालाल शेठ.

"जंवाईसा!" शेठ धापा टाकत म्हणाले. "तीन दिन मेरा फ्रिज घूमा, सारा ठंडा गरम हो गया. आज फिर ले आए! गाँव की इज्जत का सवाल है, इसलिए चुप हूँ."

मी रागाने नानांकडे वळलो. नानांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"आमनाच फ्रिज शे," ते म्हणाले. "जरा फिराले निंघेल व्हता."

"नाना, मी हे खोडतो. 'नाही' लिहितो. तुमच्याच भल्याचं आहे. उपकेंद्र मिळेल."

"जवाईले 'नही' कसं सांगानं?" नाना खरंच कळवळले. "रोहिणी आठली अंडेर, गावनी लेक. उद्या तुम्हना घरना लोके तिले बोलतीन, तुना गावमा काहीच नही. तिले खाली देखनं पडी, ते आमले नही चाली."

आता मात्र माझा राग गेला. माणसं माझ्यासाठी खोटं बोलत नव्हती, माझ्या बायकोसाठी बोलत होती. पण त्याने काम होईना. दुपारपर्यंत सात घरं फिरलो. एकाही घरात मला 'नाही' मिळालं नाही. उलट झुलालच्या बायकोने कुठूनसा एक कूलर आणून दाखवला आणि म्हणाली, "हाई बी ल्ही ल्या."

मी घरी येऊन रोहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "सकाळच्या एसटीने येते. काही लिहू नका. आणि काही खाऊ नका."

रोहिणी आली. पिशवी ओट्यावर ठेवली, माझ्या खिशातला पेन काढून घेतला आणि चालायला लागली. मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन मागे.

सुपडू नानांच्या उंबऱ्यावर ती सरळ जमिनीवर बसली. खुर्ची कोणी आणली नाही आणि तिने मागितली नाही.

"नानी, नळले पानी येस का वं?"

नानीने एवढा मोठा सुस्कारा टाकला की माझ्या हातातले कागद हलले. "कोठलं पानी, बहीन! नळ लावाले दोन वरीस व्हयनात, थेंब नही उना. मी आजून विहीरवरथून हांडा आनस."

"फ्रिज?"

"ओ माय! तो पन्नालालना शे."

"संडास?"

"शे. पन त्यामा कांदा भरेल शेतस."

माहेरवाशिणीपुढे गावाला बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. प्रत्येक घरात बायका भडाभडा सांगत होत्या. ज्या घरात मला पाच-सहा दिवसांपूर्वी टीव्ही दिसला होता, तिथे विजेची वायरसुद्धा नव्हती. झुलालने स्वतः येऊन सांगितलं, "अक्का, मी ढोरनाच डॉक्टर शे. मानूसना हात धरा ते माले घाम फुटस." मी मागे उभा राहून सगळं ऐकत होतो. (माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. आठवडाभरात पहिल्यांदाच मला कोणी चहाही विचारला नाही.)

संध्याकाळी पाचला अखिल साहेब मोटारसायकलवरून आले. तोवर त्रेसष्ट घरं झाली होती. साहेबांनी आबांच्या अंगणात बसून फॉर्म चाळले.

"आता हे खरं गाव वाटतं," ते म्हणाले. "पहिल्या पाचात नक्की बसेल. एकच घर राहिलंय ना? तेवढं भरा, म्हणजे गठ्ठा घेऊन निघतो."

उरलेलं घर आमचंच होतं. रोहिणी चुलीपुढे आईजवळ बसली. मी दाराबाहेर. सासूबाई जावयासमोर मोठ्याने बोलत नाहीत, पण माझी पाठ होती आणि लेकीपुढे त्यांना कसली चोरी?

"माय, घरमा मानसे कितला?"

"चार. आनि पाव्हना धरीसन पाच."

"पाव्हना धरूच नका," मी बाहेरून म्हणालो.

"धरावे लागतील," साहेब म्हणाले. "तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असला की मोजायचं. नियम आहे."

"बरं. आता कोन काय काम करस, सांग," रोहिणीने विचारलं.

"तुना बाप शेत करस. विक्रम ट्रॅक्टर चालाडस. मी आनि शीतल ढोरं, चूल."

"काम न करनारं, दुसरावर अवलंबून, आसं कोनी?"

चुलीतली काटकी कडकडली. सासूबाईंनी आवाज खाली आणून, पण माहेरवाशिणीला खरं सांगायचं म्हणून सांगितलंच. "पाव्हना शेतस ना. त्या खातस, निजतस, उठीसन परत खातस. ल्ही एक."

पेनाचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"रोहिणी!" मी आत घुसलो. "मी इथे सरकारी कामावर आहे! प्रगणक आहे मी!"

"कॉलमात 'सध्या करत असलेलं काम' असं विचारलंय," ती शांतपणे म्हणाली. "ते तर सकाळपासून मी करतेय."

"मग खोड ते."

"खाडाखोड नको, असं साहेबच म्हणालेत."

साहेबांनी फॉर्म घेतला, वाचला आणि न हसण्यासाठी बरेच कष्ट घेऊन माझ्यापुढे धरला. प्रगणकाच्या सहीशिवाय गठ्ठा जाणार नव्हता आणि प्रगणक कागदोपत्री मीच होतो. सहीच्या जागेवर छापलं होतं, 'वरील सर्व माहिती मी स्वतः प्रत्यक्ष पाहून खरी असल्याची खात्री केली आहे.' मी कोणीतरी मध्ये पडेल म्हणून सगळ्यांकडे बघितलं. आबा बैलाकडे बघत होते. दारात शीतल एक हात पोटावर ठेवून उभी होती आणि माझ्या पेनाकडे बघत होती.

मी सही केली.

"प्रत्यक्ष पाहून खात्री केली ना, हेमराजभाऊ?" साहेबांनी गठ्ठा बांधता बांधता विचारलं.

"हो साहेब," मी म्हणालो. "रोज बघतो. दाढी करताना."