हेडक्लार्कांची मान

"मान माझी दुखते आणि ती बाई विचारते, ऑफिसात सगळं ठीक ना? डोकं फिरलंय तिचं!" हेडक्लार्क बायकोवर खेकसले. एक्स-रे झाले, मलमं झाली, गोळ्यांनी पोट बिघडलं. दुखणं मात्र जुन्या भाडेकरूसारखं जागा सोडेना. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि त्यांना या मानसोपचारवाल्या बाईंकडे पाठवलं होतं.

पुढच्या भेटीत बाईंनी मानेवर चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यांच्या वायरी एका डबीला जोडल्या. स्नायू आखडले की डबी वाजणार. श्वास लांबवून खांदे सैल सोडले की गप्प होणार. "तुमचं दुखणं खरंच आहे," बाई म्हणाल्या, "पण मान कधी आवळता ते तुम्हाला कळत नाही. घरी शांत बसून सराव करा."

"माझी मान मला कळत नाही, डबीला कळते! वा!"

हे थोतांड उघडं पाडायचंच, म्हणून दुसऱ्या दिवशी महाशय मानेला पट्ट्या चिकटवून आणि डबी शर्टाच्या खिशात घालून ऑफिसला गेले. शांत बसून लावायची वस्तू ऑफिसात न्यायची अक्कल त्यांनाच सुचायची. आणि दिवस तरी कोणता निवडावा! निवृत्ती तोंडावर आलेली, आणि मुदतवाढ द्यायची की नाही हे साहेब त्याच दिवशी सांगणार होते. त्या मुदतवाढीसाठी हेडक्लार्कांनी वर्षभर मान डोलावली होती.

"कालचं माझं भाषण कसं वाटलं?" साहेबांनी विचारलं.

"अप्रतिम, साहेब!"

पीं.

"काय वाजलं?"

"मोबाईल, साहेब."

पीं पीं.

सह्या घ्यायला आलेल्या टायपिस्टबाई थबकल्या. "अय्या, ही तर ती डबी! माझ्या वहिनीलाही दिली होती. माणूस आतून आवळला ना, की वाजते."

साहेबांचे डोळे बारीक झाले. "असं? मग माझी फायलींची नवी पद्धत?"

"क्रांतिकारक—" पीं पीं!

"आणि माझा पुतण्या? तुमच्या हाताखाली दिलाय तो?"

"फार हुश्शार मुल—"

डबी अशी कोकलली की शिपाई धावत आत आला. हेडक्लार्कांनी घाईघाईने श्वास लांबवला, तर ठसकाच लागला.

"तुम्हाला विश्रांतीची गरज आहे," साहेब थंडपणे म्हणाले. "मुदतवाढ राहू द्या."

डबी गप्प झाली. हेडक्लार्कांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. दुखेना! म्हणजे ती बाई खरं बोलत होती? या विचाराने मात्र डबी एकदा वाजलीच.

घरी आल्यावर त्यांनी पडेल चेहऱ्याने बायकोला सगळं सांगितलं. "आता मी कायमचा घरी. सकाळपासून रात्रीपर्यंत, तुझ्यासमोर."

"अहो, बरंच झालं की! मला सोबत होईल," बायको गोड हसली आणि स्वतःची मान चोळू लागली.

हेडक्लार्कांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पट्ट्या काढून हळूच तिच्या मानेवर चिकटवल्या. "पुन्हा म्हण बघू."

"बरंच झालं—"

पीं पीं पीं पीं!

"सेल उतरलेत वाटतं," बायको म्हणाली.

डबी पुन्हा वाजली.