उतार असेल तर येतो

किल्ली अर्धी फिरवली की सावळारामांच्या गाडीत समोरच्या काचेमागे चार बारके दिवे लागायचे. तेलाचा, हातब्रेकचा, डिझेलचा आणि एक कसला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाचव्या जागी बॅटरीचं चित्र होतं. ती जागा अंधारी राहायची. सावळाराम तिच्यावर बोट ठेवून समाधानानं सांगायचे, "बॅटरीचा दिवा लागत नाय. म्हंजे बॅटरीला काय रोग नाय." दसऱ्याला ही जुनी डिझेल गाडी दारात आली, तेव्हापासून त्यांच्या लेकीनं, कुणालीनं, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्या अंधाऱ्या जागेकडे बघणंच तिनं सोडलं होतं.

रोग नसलेली ही बॅटरी दर दोन दिवसांनी मरायची.

नशिबानं टोकावड्यात त्यांच्या घराला लागूनच देवळाकडून डांबरी रस्त्याकडे जाणारा उतार होता. सावळाराम गाडी तिथे नाक खाली करून लावायचे, चाकाखालचा दगड काढायचे, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचे. एक आचका, एक काळा ढग, आणि गाडी सुरू. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. फक्त जिथे जायचं तिथेही उतार असावा लागायचा. हळूहळू घरातली सगळी नाती उतारावर तोलली जाऊ लागली. वैशाखऱ्याच्या मामाचं घर चढावर, म्हणून मामा अचानक लाडका झाला. सकुबाई आत्याचं अंगण सपाट, म्हणून तिच्या नातवाच्या बारशाला सावळारामांनी गाडी दाराशी चालूच ठेवली आणि धावत जाऊन पाळण्याला हात लावून आले. आत्या अजून बोलत नव्हती. बाकी कुणाचं आमंत्रण आलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "उतार असेल तर येतो."

यात कुणालीचं लग्न अडकलं होतं.

मितेश मुरबाडचा. कुणाली ज्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती, तिथेच तो स्टोअरला. दिवाळीनंतर त्याचे आईवडील रीतीप्रमाणे मुलगी बघून गेले, पोहे खाऊन गेले, खूश होऊन गेले. आता मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं होतं. आणि मितेशचं घर होतं कॅरमच्या पाटासारख्या सपाट गल्लीत. दिवाळीचा फराळ संपला, संक्रांत गेली, होळी पेटून विझली. "येतो, येतो" म्हणत सावळाराम गेलेच नव्हते.

"एसटीनं जाऊया ना, बाबा," कुणालीनं सुचवून पाहिलं.

"व्याह्यांच्या दारात एसटीतून उतरू? मग गाडी कशाला घेतली?"

"चालत नाय म्हणून," कुणालीची आई वत्सलाबाई आतून म्हणाल्या.

शनिवारी मितेशचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता. "कुणाली, खरं सांग. तुझ्या बाबांच्या मनात नाय ना? आई बोलते, एवढे महिने कोण थांबतं? शहापूरचं एक स्थळ आलंय. पुढच्या रविवारपर्यंत कोण आलं नाय तर ती माणसं येणार बघायला."

"येतोय आम्ही. पुढच्या रविवारी," कुणाली म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिला आठवलं, की आपण हे कुणालाच विचारलेलं नाही.

त्याच दिवशी तिनं प्रयोगशाळेतला व्होल्ट मोजायचा मीटर साहेबांना विचारून घरी आणला. बॅटरी आधीच बदलून झाली होती. मुरबाडच्या काळूराम वायरमननं ती दिली होती आणि तीही आठवड्यात बसली होती. मग सावळारामांनी शेजारच्या भाविकच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. गाडीनं ती पिऊन टाकली. भाविकचा ट्रॅक्टर बसला, म्हणून त्यानं धाऊच्या दुधाच्या पिकअपची घेतली. तेवढ्यात सावळारामांना तातडीनं ओतूरला जायचं निघालं आणि त्यांनी भाविकला न सांगता तीच लावून नेली. परतीच्या वाटेवर माळशेज घाटात गाडीचे दिवे मेणबत्तीएवढे झाले. आता गाडी, ट्रॅक्टर आणि पिकअप, तिन्ही देवळाच्या उतारावर नाकं खाली करून रांगेत उभी असायची. सकाळी सगळ्यात पुढच्यानं आधी निघायचं, असा नियमच पडला.

"सावळाकाका, तुमची काढा ना. माझं दूध नासतंय," धाऊ ओरडायचा.

"मागं होतास तर मागंच ऱ्हा! मी काय तुझ्या दुधासाठी दात न घासता निघू?"

रविवारी सकाळी, म्हणजे मुदतीला एक आठवडा उरला असताना, कुणालीनं बॉनेट उघडलं. लगेच सगळा उतार भोवती जमला.

"बॅटरीच हाय," सावळाराम म्हणाले.

"पट्टा ढिला असंल," भाविक म्हणाला.

"बाबा, बॅटरी म्हणजे टाकी," कुणाली शांतपणे म्हणाली. "आल्टरनेटर म्हणजे पंप. इंजिन फिरलं की पंपानं टाकी भरायला पायजे. आपण टाक्या बदलतोय. पंप चालतो का ते कुणी बघितलंच नाय."

गाडी उतारावरून सुरू करून तिनं मीटर लावला. चौदा व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा होता. आला बारालाही कमी, आणि बघता बघता आणखी उतरला. आल्टरनेटर फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, ताठ. वायरींची टोकं घासून पाहिली, घट्ट. तिनं आल्टरनेटर उतरवला आणि पिशवीत घालून काळूरामकडे नेला. त्याच्या टेबलावर तो फिरवला तर त्यानं झकास वीज दिली.

"एकदम तंदुरुस्त हाय, ताई. तुमच्या गाडीवर चढला की संपावर जातो. गाडीच अशुभ असंल."

कुणालीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेबलावर चालतो आणि गाडीवर चालत नाही, म्हणजे काळूरामच्या टेबलावर जे आहे, ते गाडीत नाही. ती परत त्याच्या टेबलाशी गेली आणि बघत राहिली. काळूरामनं बॅटरीपासून आल्टरनेटरपर्यंत एक बारीक तार आणली होती आणि त्या तारेच्या मध्ये एक छोटा दिवा होता.

"हा कशाला?"

"त्यातून जरा करंट गेला की आल्टरनेटर जागा होतो. मग तो आपला आपण चालतो. गाडीत समोर असतो ना बॅटरीचा दिवा, तोच हा."

कुणाली मिळेल त्या भाड्याच्या जीपनं तडक टोकावड्याला आली. आल्टरनेटर जागेवर बसवून ती सीटवर बसली. किल्ली अर्धी फिरवली. चार दिवे. पाचवी जागा अंधारी.

"बाबा, हा दिवा कधी लागतच नाय."

"तेच तर सांगतोय दसऱ्यापासून! रोग नाय म्हणून..."

"तो आधी लागायलाच पायजे. लागून मग विझायला पायजे." तिनं काचेमागे हात घालून चाचपलं. "यात दिवाच नाय!"

"नाय कसा? जाईल कुठं?"

"देव्हाऱ्यात हाय," वत्सलाबाई दारातून म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"असं काय बघताय? नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवला, आणि किल्ली फिरवली तर आत लालभडक डोळा! शुभ कामाला निघताना असे डोळे वटारलेले चालतात का? टेप बसवायला तो पोरगा आलेला, त्याला सांगून काढून घेतला. टाकायचा कसा, गाडीची वस्तू. म्हणून कुंकवाच्या करंड्यात ठेवला."

सावळाराम तोंड उघडं टाकून बघत राहिले. "अगं, मला एक शब्द बोलली नाय?"

"तुमी विचारलंत कधी?"

करंड्यातून दिवा निघाला तो कुंकवानं माखलेला. कुणालीनं पुसून तो जागेवर बसवला. किल्ली फिरवताच पाचव्या जागी लाल ठिपका उमटला. गाडी घरंगळली, इंजिन लागलं, ठिपका विझला. मीटरचा आकडा चौदाच्या वर जाऊन स्थिर झाला.

"आय, तो डोळे वटारत नव्हता गो. झोपलेल्याला हाक मारत होता."

वत्सलाबाई त्या ठिपक्याच्या जागेकडे बघत होत्या. हळूहळू त्यांचा हात कपाळाकडे गेला. "म्हंजे गाडीची टिकली काढली होती मी," त्या घाबरून म्हणाल्या. "आणि वर शुभ कामाला निघत होतो!"

आठवडाभर गाडी सपाटीवर उभी राहिली आणि रोज सकाळी पहिल्या किल्लीला सुरू झाली. उतारावर फक्त ट्रॅक्टर आणि पिकअप उरले. सावळारामांनी त्यांच्या बॅटऱ्या आळीपाळीनं आपल्या गाडीवर भरून दिल्या आणि मगच त्यांना देवळात तोंड दाखवता आलं.

रविवारी ते मुरबाडच्या त्या सपाट गल्लीत शिरले. मितेशचे वडील, अनंताभाऊ, दारातच उभे होते. मागे खिडकीत मितेश. त्याच्या आईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, हसूसुद्धा. कुणाली आणि वत्सलाबाई उतरल्या. सावळाराम स्टिअरिंग धरून बसून राहिले. इंजिन चालूच होतं.

"काय पावणे," अनंताभाऊ कोरडेपणानं म्हणाले, "गाडी चालूच? उभ्या उभ्याच निघायचं काय?"

"बाबा, बंद करा," कुणाली वाकून हळूच म्हणाली. "चार्ज हाय. सुरू होईल. मी मोजलंय."

"म्हायत हाय मला."

"मग?"

सावळाराम किल्लीकडे बघत होते. हात किल्लीवर होता, पण फिरत नव्हता. कुणालीनं काचेमागे पाहिलं. लाल ठिपका विझलेला. गाडीत कुठेच दोष उरला नव्हता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मुरबाडला एसटी दिवसभर असते, भाड्याची जीप असते, आणि हे सगळं बाबांना तिच्याइतकंच ठाऊक होतं. आईनं दिवा काढला नसता, तर बाबांना न येण्याला दुसरं काहीतरी निमित्त सापडलं असतं. तिनं त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"तू गेलीस की त्या मीटरचा आकडा कोण बघणार गो?" ते गाडीला विचारल्यासारखे पुटपुटले.

"टोकावडं मुरबाडपासून काय लांब हाय?" ती म्हणाली. "आणि आता उतार नसला तरी येता येतंय."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि थांबलं. इतक्या महिन्यांत सावळारामांची गाडी परक्या दारात, सपाटीवर, पहिल्यांदाच गप्प झाली. त्यांनी किल्ली काढली, कुणालीच्या हातात दिली, खाली उतरून चपला काढल्या आणि अनंताभाऊंकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले,

"बंद केली, व्याही. आता लग्नाची तारीख काढल्याबिगर आमी उठत नाय."