गांगुर्डेसरांची मिठाची बादली

नाशिकमध्ये मला आधार दिला तो आमच्या घरमालकांनी, गांगुर्डेसरांनी, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना वेडे म्हणाल.

सर आयटीआयमधून रिटायर झालेले. रोज सकाळी नळाचं गोड पाणी बादलीत भरायचं, त्यात ओंजळभर खडेमीठ विरघळवायचं आणि दिवसभर गच्चीवर ते मीठ परत काढत बसायचं, हा त्यांचा उद्योग. त्यासाठी एक पंपाचं मशीन आणि एक काचेच्या झाकणाची पेटी त्यांनी स्वतः बनवलेली.

शेजारच्या पगारेताई विचारायच्या, "सर, मीठ टाकलंच नाही तर?"

"मग काढणार काय?"

"यात संशोधनाची गरज आहे," हे सरांचं ठरलेलं वाक्य. मशिनला गरज, महापालिकेच्या नळाला गरज, माझ्या पिठल्यालासुद्धा.

मी अकोल्याकडची, खारपाण पट्ट्यातली. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन इथे आले. तिकडे आमच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माय वाट बघत होती. पण आमचे हे अडून बसले. "तिथलं पाणी पिऊन मुतखडा घेऊन येशील."

मी जिन्यात रडत बसले. सर वर जाताना थांबले, कारण विचारलं. "भावाला फोन कर. कॅनभर पाणी आण म्हणावं. खरंखुरं खारं."

भाऊ कॅन घेऊन आला. यांना म्हणाला, "भाऊजी, रेल्वेचा अख्खा डबा विचारत होता, रॉकेल हाय का म्हून."

सरांच्या मिठाच्या पाण्यावर महिनोन्महिने चाललेलं मशीन आमच्या पाण्यावर संध्याकाळपर्यंत गुदमरलं. आतल्या जाळीवर पांढरा थर बसला. सर तो नखानं खरवडत राहिले. "माझं मीठ सरळ होतं गं. तुमच्या पाण्यात चुना आहे, अजून काय काय आहे." ठरलेलं वाक्य काही त्यांनी म्हटलं नाही. मला वाटलं, गेलं माझं माहेर.

उरलेलं पाणी त्यांनी काचेच्या पेटीत ओतलं. उन्हानं वाफ व्हायची, काचेवर जमायची, थेंब थेंब खाली यायची. तांब्याभर साठल्यावर सरांनी तो यांच्यापुढे धरला.

हे प्याले. "याला चवच नाही."

"मग जाऊ द्या तिला."

माझ्याबरोबर द्यायची पेटी सर गोणपाटात बांधत होते, तेव्हा मी विचारलं, "सर, आता तुम्ही दिवसभर काय करणार?"

ते सुतळी आवळत राहिले. "आमची ही मनमाडच्या पुढची. तिथलं पाणीही असंच. बाळंतपणाला तिची आईच म्हणाली, नको येऊस. शेवटपर्यंत तिच्या मनाला लागून राहिलं ते." मग गाठ ओढून पाहिली. "या गाठीलाही संशोधनाची गरज आहे."

अकोल्याच्या उन्हात पेटी नाशिकपेक्षा जोरात चालली. मला पिण्यापुरतं पाणी रोज मिळालं. लेक झाली.

सर, ते मशीन भंगारात देऊ नका. माझी शाळा आठवीत सुटली, हिची सुटू देणार नाही. तुमचं राहिलेलं संशोधन हिच्याकडून पुरं करून घेईन.