आप्पांचा धूर-तपास

आमच्या शहापुरातल्या गल्लीत आप्पा विणकर कुणाच्याही घरी आले की आधी त्यांचं नाक आत यायचं, मग आप्पा. उंबऱ्यावर उभं राहून ते श्वास ओढत आणि जाहीर करत, "लाकूड ओलं हाय. मास्तर, मंडळींना सांगा." आमची मंडळी आत भांडं आपटायची.

"प्रत्येक धुराला घर असतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, लोक हाताला लागेल ते जाळत आणि सगळ्या बेळगावावर काजळी उडायची. आप्पा ओलं पांढरं धोतर वाळत घालत आणि त्यावर बसलेली काजळी चिमटीत चोळून बघत. चिकट असली तर स्टेशनवरच्या इंजिनाची, भुरकट असली तर शेणीची, टोचली तर चुरमुऱ्याच्या भट्टीतल्या तुसाची. एकदा चिमूटभर राख केळीच्या पानात बांधून ते भट्टीवाल्याशी भांडायला गेले. तो म्हणाला, "आप्पा, घरात सुतक हाय. भट्टी बंद हाय की." आप्पांनी पुडी पुन्हा हुंगली आणि म्हणाले, "मग जुनी राख असंल." माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

अर्थात विणकराला काजळीचं वावडं असणारच. मागावर चढवण्याआधी सुताचा ताणा गल्लीभर ताणून त्याला खळ लावायची, याला पाजणी म्हणतात. सगळी गल्ली हात लावते. खळ ओली असताना काजळी बसली की सूत गेलंच म्हणायचं. म्हणून पाजणीच्या सकाळी खळ वाळेपर्यंत कुणीही चूल पेटवायची नाही, हा आप्पांचा कायदा. आम्ही बिनचहाचे, चरफडत तो पाळायचो.

एरवी मात्र त्यांचा तपास नेमका भाकरीच्या वेळेला निघायचा आणि चुलीजवळच्या पाटावर बराच रेंगाळायचा. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती. डबा खानावळीतून यायचा, तो गार व्हायचा, आणि समोर बोलायला भिंत. हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. त्या तव्यावरची भाकरी त्यांच्या हातावर ठेवत आणि धुराबद्दलची बोलणी ऐकून घेत.

त्यांची एकुलती मुलगी सुशी निपाणीला दिलेली. आईच्या दिवसांना आली होती, ती शेवटची. "आई नाही त्या माहेरी जाऊन करणार काय?" असं तिची सासू म्हणायची. त्या वर्षी जावई बाजारात भेटले आणि नागपंचमीला पाठवतो म्हणाले. आप्पांनी त्याच दिवशी तिच्या साडीसाठी मोतिया रंगाचं सूत काढलं.

आषाढाची झड चालू होती. एका सकाळी अचानक उघडीप मिळाली. आप्पांनी हाका मारून गल्ली गोळा केली, ताणा लागला, कुंचे फिरले. आणि अर्ध्या खळीवर काळे ठिपके येऊन बसले.

आप्पा पांढरेफटक पडले. मग तपास सुरू झाला. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन ते घरोघर शिरले, चुलीत हात घालून राख चाचपली. सगळ्या चुली थंडगार. शेवटी त्यांनी ताण्यावरचा एक ठिपका उचलून नाकाशी धरला.

"गूळ करपलाय कुणाचा तरी," ते म्हणाले. "कुणी केलं हे? माझ्या पोरीची साडी हाय ही."

 शेवटी शेजारच्या गंगूआक्का खाली बघत म्हणाल्या, "आप्पा, तुमच्याच धुराड्यातनं येतंय ते."

"मग आधी का न्हाय सांगितलं?"

"वैनी गेल्यावर पयल्यांदा तुमच्या घरातनं धूर निघाला. बघून बरं वाटलं. कसं सांगायचं?"

आम्ही आत गेलो. चुलीवर पुरणाचं पातेलं करपून काळं झालं होतं, गूळ उतून विस्तवात सांडला होता. उघडीप दिसताच आप्पा ते तसंच टाकून धावले होते. "सुशीला पुरणाचे कडबू आवडतात," ते पातेल्याकडं बघत म्हणाले. "म्हटलं, ती यायच्या आधी एकदा करून बघावं."  एवढ्या वर्षांत मी त्यांची थट्टाच करत आलो होतो.

सूत टाकवेना, त्याचीच साडी झाली. ठिपके काठाजवळ राहिले. पण पंचमीला सुशी आली नाही. सासूचं दुखणं निघालं, असा निरोप निपाणीच्या मोटारवाल्यानं आणला. आप्पांनी साडी त्याच्याकडंच दिली.

दुपारी ते घरोघर उकडलेले कडबू वाटत आले. कडबू दगडासारखे झाले होते. आमच्या मंडळींनी तरी दोन खाल्ले. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेलो, तर आप्पांनीच मला थांबवलं.

"पुढल्या पंचमीला येईल की ती," ते म्हणाले. "तवर माझा हात बसंल."