त्रेसष्ट यंत्रांचा कारखाना

"कर-बिर सगळं माझ्यावर सोड!" दशांशराव बायकोला म्हणाले. "तू फक्त पाखरं कर!"

बस आगारात तीस वर्षं वेळापत्रकं आखून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आकड्यात कधी चुकत नाहीत म्हणून तिथे त्यांना हे नाव पडलं होतं आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं. बायको लाकडाचे पक्षी कोरायच्या, रंगवायच्या. गल्लीत त्यांना सगळे पाखरूताई म्हणत. इतकी वर्षं ओळखीपाळखीत नुसती वाटली जाणारी पाखरं आता रीतसर विकायची होती. लहान मुलांच्या इस्पितळाने चाळीस पक्ष्यांची ऑर्डरही दिली होती. अट एकच, धंदा सरकारदरबारी नोंदलेला हवा.

धंदा उभारायचा खर्च कर काढताना वजा होतो, असं दशांशरावांनी कुठेतरी वाचलं. झालं! कानावर पेन्सिल खोचून ते घरभर फिरले. ब्रश, पटाशा, कोरण्या मोजल्या, त्रेसष्ट भरल्या आणि थेट नोंदणीच्या अर्जातल्या 'यंत्रे' या रकान्यात गेल्या! टेबलफॅनचं 'वातानुकूलन' झालं, सायकलचा 'वाहतूक विभाग' झाला. पाखरूताई पाठ मोकळी करायला जिथे दोन मिनिटं उभ्या राहत, ती गॅलरी 'कर्मचारी विश्रांतीकक्ष' झाली!

"अहो, मला एकदा दाखवा तरी," पाखरूताई म्हणाल्या.

"तुला त्यातलं काही कळायचं नाही!"

महिन्याभरात कर कार्यालयाचं पत्र आलं. त्रेसष्ट यंत्रं आणि स्वतंत्र वाहतूक विभाग असलेल्या कारखान्याची विक्री इतकी कमी कशी? गुरुवारी सकाळी पाहणीला येत आहोत. माहिती खोटी निघाल्यास नोंदणी नाही, वर दंड!

दशांशरावांनी पत्र घडी करून खिशात दडवलं. बायकोला सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर इस्पितळाची ऑर्डर. विचार करकरून त्यांनी तोडगा काढला. यंत्रंच दिसली नाहीत, तर कारखाना कुठला? गुरुवारी पाखरूताई आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी ब्रश बुटांत कोंबले, पटाशा गादीखाली सरकवल्या, कोरण्या वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या आणि घाम पुसतात न पुसतात तोच बेल वाजली.

दारात अधिकारी बाई उभ्या होत्या. बगलेत उशीएवढी फाईल.

"कारखाना कुठे आहे?"

"हा काय!" दशांशरावांनी मागची खोली दाखवली. एक टेबल, त्यावर अर्धवट रंगवलेलं पाखरू, एक स्टूल, एक खिडकी.

"आणि यंत्रं?"

"एकही नाही!" दशांशराव पैज जिंकल्यासारखे म्हणाले.

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट विकलीत? मग त्या विक्रीवरचा कर?"

दशांशरावांनी घाईघाईने हात हलवले. "विकली नाहीत हो... चोरीला गेली!"

"चोरी? पोलिसांत तक्रार केलीत?"

"अहो, माझे ब्रश कुठे गेले?" ओल्या केसांना पंचा गुंडाळून पाखरूताई बाहेर आल्या. "आणि या कोण?"

मग मात्र लपवण्यासारखं काही उरलं नाही. मान खाली घालून दशांशरावांनी सगळं कबूल केलं आणि एकेक यंत्र हजर केलं. बुटांतून, गादीखालून, वॉशिंग मशीनमधून! अधिकारी बाई मोजत होत्या. बासष्टपर्यंत आल्या आणि थांबल्या. त्रेसष्टावा ब्रश दशांशरावांच्याच खिशात निघाला.

पाखरूताईंनी नवऱ्याकडे न बघताच त्यांच्या हातातला तो ब्रश काढून घेतला. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या!

"बसा बाई," त्या म्हणाल्या. "या पाखराचा डोळा तेवढा राहिलाय. खालचा रंग वाळायच्या आत करून घेते, मग बोलू."

त्यांनी चार केसांचा ब्रश उचलला. श्वास रोखला. एक काळा ठिपका. मग त्यावर मोहरीहून बारीक पांढरा ठिपका. आणि लाकडाच्या त्या तुकड्याने बघितलं! अगदी खरोखर बघितलं! अधिकारी बाई नकळत एक पाऊल मागे सरल्या, पाखरू बुजू नये म्हणून सरावं तशा. दशांशराव टेबलाजवळ सरकले. इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्यांनी नुसती खरखर ऐकली होती.

"एकाला किती वेळ लागतो?" अधिकारी बाईंनी हळूच विचारलं.

"नऊ तास. त्यात दोन नुसते चोचीला."

पाखरूताईंनी ड्रॉवरमधून एक वही काढून पुढे ठेवली. धंदा सुरू होण्याआधीचा खर्च एकीकडे, नंतरचा दुसरीकडे. हत्यारं वेगळी, लाकूड आणि रंग वेगळे. वीजबिलातला फक्त या खोलीचा वाटा. प्रत्येक आकड्याशेजारी चिकटवलेली पावती!

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमच्याच कार्यालयाचं माहितीपत्रक आणून वाचलं. सगळं लिहिलंय की त्यात!"

दशांशरावांचा आ वासलेलाच होता. "अगं, पण हे केलंस कधी?"

"तुम्ही अर्ज भरत होतात तेव्हा."

अधिकारी बाईंनी फाईल मिटली. "अर्ज अजून मंजूर झालेला नाही, तेव्हा दंड लावत नाही. पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्या. फक्त तो यांनाच भरू द्या!" पाखरूताईंकडे बोट दाखवत त्या दशांशरावांना म्हणाल्या.

पाखरूताईंनी तो अर्ध्या तासात भरला. नोंदणी झाली, ऑर्डरही टिकली.

पुढचे दोन दिवस दशांशराव त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून, देवळात बसावं तसे बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"मलाही काहीतरी काम दे ना!"

पाखरूताईंनी एक पक्षी आणि पॉलिश पेपर हातात दिला. "चोच घासा. हळूच हं!"

दशांशरावांनी जीव ओतून घासली. फुंकर मारून पाहिलं, तर चोच नव्हतीच!

"घुबड म्हणून खपेल का गं?"

"घुबडालाही चोच असते," पाखरूताई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दशांशरावांनी हळूच डोकावून पाहिलं. 'वाया गेलेला माल' या रकान्यात 'एक'. आणि पुढे 'कारण' या रकान्यात 'नवरा'.

त्यांनी दोनदा तपासलं. नोंद बिनचूक होती!