मॉनिटर उन्हात

टॉवेलच्या कारखान्यातल्या जुन्या मॉनिटरनं तिथल्या डिझायनर अंकिताचा घात केला होता. पडद्यावर पिस्ता दिसलेला रंग मागावर पोपटी निघाला आणि टॉवेलांचे गठ्ठे परत आले. आता मंगळवेढ्याच्या केराबाईंची ऑर्डर होती. लेकीच्या लग्नात आहेराला द्यायचे टॉवेल नवरीच्या शालूच्याच रंगाचे हवेत, आणि शालूचा नुसता फोटो मोबाईलवर आलेला. संध्याकाळी सूत रंगायला जायचं होतं.

"ह्या बारीला रंग चुकला, तर तू आन् तुजा मॉनिटर, दोगंबी भंगारात!" मालक मडिवाळप्पा म्हणाले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांच्या धमकीत निम्मी चेष्टा असायची. पण नेमकी किती खरी, हे अंकिताला कधीच कळलं नव्हतं. तिला नोकरी हवी होती आणि धड दिसणारा मॉनिटरही.

आप्पा तिला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार ताबीशनं तोच फोटो तीन मॉनिटरवर लावला. एकावर शालू विटकरी दिसला, दुसऱ्यावर डाळिंबी, तिसऱ्यावर चक्क वांगी.

"मधला घ्या, आप्पा. रंग एकदम खरा," ताबीश म्हणाला.

"हितल्या ट्यूबलाईटीत खरं-खोटं काय कळतंय? उन्हात न्या की."

"आप्पा, मॉनिटर हाय ह्यो, टॉवेल न्हाय!"

पण दारातल्या उन्हात धरल्याशिवाय आप्पांनी उभ्या जन्मात एकही रंग पास केला नव्हता. वायर पुरेना. ताबीशनं कुरकुरत लांब वायरचा बोर्ड काढला आणि मॉनिटर फुटपाथवर स्टुलावर मांडला. सोलापूरचं ऊन ते! आप्पा वाकले, तर पडद्यात त्यांना त्यांच्याच मिशा दिसल्या.

"बंद पडला व्हय?"

"आप्पा, उन्हात पडद्यावरचं दिसत नाही हो," अंकिता काकुळतीला आली.

"मग सावली करू की!"

आप्पांनी स्कूटरवरची नमुन्याची चादर आणून मॉनिटरवर टाकली आणि आत डोकं खुपसलं. सावलीतला मॉनिटर उन्हात आणायचा आणि वर त्यालाच सावली करायची! ताबीशनं कपाळावर हात मारून घेतला.

जाणारे एक आजोबा थबकले. "काय चाललंय हितं?"

"काय दिसतंय ते सांगायचं!" चादरीतून आप्पा ओरडले.

आजोबांना एवढं पुरे होतं. डोळ्यांची फुकट तपासणी आहे, ही बातमी चौकात पोचली आणि बघता बघता रांग लागली. जो तो चादरीत डोकं घालून सांगू लागला. कुणी गाजरी म्हणालं, कुणी मरून. आजोबा म्हणाले, "कायबी दिसंना, डॉक्टर. डावा डोळा आदीपासनंच अधू हाय."

इकडे सूर्य कलायला लागला आणि अंकिताचा जीव थाऱ्यावर राहीना. तिनं केराबाईंना फोन लावला. "काकू, शालूचा दुसरा फोटो पाठवता का?"

"फोटू कशाला? मी सोलापुरातच हाय की. ब्लाऊजच्या मॅचिंगला शालू संगंच आणलाय. कुटं येऊ?"

अंकिताला तिथंच नाचावंसं वाटलं. आपल्याला फोन करायचं सुचलं याचं तिला फार कौतुक वाटलं.

केराबाई रिक्षातून उतरल्या, तर रांगेतल्यांनी त्यांना अडवलं. "नंबरानं या, मावशी!"

"मला लांबचं, जवळचं, समदं दिसतंय!" म्हणत त्या पुढं घुसल्या आणि शालू बाहेर काढला. आप्पांनी आपल्या पिशवीतल्या नमुन्याच्या रंगीत सुताच्या लड्या एकेक करून शालूला लावून बघितल्या. तिसरी लडी उन्हात शालूत अशी मिसळली, की कुठं शालू संपतो ते कळेना.

"डाळिंबी! म्हनलं न्हवतं, रंग उन्हातच बघावा?"

अंकितानं सुटकेचा निःश्वास सोडला. "आप्पा, आता मधला मॉनिटर बांधायला सांगू ना?"

"आता कशाला? रंग घावला की!"

अंकिताचं तोंड उतरलं. फोन लावणाऱ्या आपल्या बोटांचा तिला भयंकर राग आला. ताबीशचा चेहरा तर बघवत नव्हता. आप्पांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं. एवढा खटाटोप करायला लावून रिकाम्या हातानं जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"ताबीश, तेवढा लांब वायरचा बोर्ड बांद," ते म्हणाले. "आमच्या दारापत्तूर पुरंल."

अंकिताची नोकरी वाचली. दुर्दैवानं जुन्या मॉनिटरचीही वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मॉनिटर कारखान्याच्या दारात स्टुलावर बसला होता आणि त्याच्यावरच्या चादरीत अंकिताचं डोकं होतं. बाहेर मागावरचे दोन कामगार येऊन उभे राहिले.

"ताई, आमचा नंबर कवा?"