एक्केचाळीस नंबरची टकटक

जगात ही गाडी फक्त नव्व्याण्णव लोकांकडे आहे आणि त्यातला एक्केचाळिसावा मी. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा बोललोय, की लिफ्टमध्ये मी दिसलो की लोक जिन्यानं जातात.

गाडी घेण्यामागचा माझा बेत अगदी साधा होता. बायको तिच्या वाटेनं गेली त्याला सहा वर्षं झाली, नोकरी सुटली त्याला एक. घरात बोलायला मी आणि फ्रिज, त्यातही फ्रिजच जास्त बोलतो. पण अशी लाल, जमिनीला चिकटलेली गाडी दारात उभी राहिली, की माणसं आपोआप जमतील. म्हणतील, "एक चक्कर मारू या का?" आपण फक्त दार उघडायचं. वडिलांची जागा विकली आणि गाडी आणली.

ताईनं फोनवर एवढंच विचारलं, "किती जण बसतात?"

"दोन."

"दुसरं कोण?"

"अगं, स्पोर्ट्स कार आहे. सगळ्यांत दोनच सीट असतात."

"मी गाडीबद्दल नाही विचारलं," ताई म्हणाली आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवून दिला.

माणसं जमली, हे मान्य करायला हवं. त्यांनी गाडीबरोबर फोटो काढले. ते फोटो मीच काढून दिले. एकानं तर मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, काचेत मी दिसत होतो. चक्कर मात्र कुणी मागितली नाही. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "बसायला बसेन हो, पण मग मला उठवणार कोण?"

तिसऱ्या महिन्यात गाडी टकटक करायला लागली. शेजारच्या सीटच्या बाजूनं. वळणावर दोनदा, खड्ड्यात तीनदा. मी कंपनीला फोन लावला. अशा कंपनीत 'एक दाबा, दोन दाबा' नसतं. थेट एक बाई बोलतात आणि तुम्हाला नंबरानं ओळखतात.

"बोला एक्केचाळीस, कसे आहात?"

आता मला सांगा, 'कसे आहात' असं मला याआधी शेवटचं कुणी विचारलं होतं? दातांच्या डॉक्टरनं. आणि तेव्हा माझ्या तोंडात त्यांचे दोन्ही हात असल्यानं मला उत्तर देता आलं नव्हतं. ते उत्तर मी या बाईंना दिलं. चाळीस मिनिटं. त्यातली चार टकटकीबद्दल.

पहिला इंजिनिअर आला, शेजारी बसला, पंचवीस किलोमीटर फिरलो. गाडी साधी टक करेल तर शपथ. "आवाज नाहीये, साहेब." पण तेवढ्यात मला त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पूर्ण समजलं. दुसरा लॅपटॉप घेऊन आला. आवाज नाही, त्याच्या मुलीला गणित जात नाही, एवढंच निष्पन्न झालं. तिसऱ्यानं दोन पेट्या भरून यंत्रं आणली. गाडी मांजरासारखी गुरगुरत राहिली. तो गेला, मी गल्लीच्या टोकाला वळलो आणि टक!

पुढच्या फोनला बाईंचा आवाज जरा जपून आला. "एक्केचाळीस, रागावू नका, पण आवाज खरंच येतो ना?"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही. पण बाकी अठ्ठ्याण्णव गाड्यांत येत नाही. आणि आमच्या तिन्ही माणसांनी रिपोर्टात एकच लिहिलंय."

"काय?"

"'मालक प्रेमळ. जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आवाज आढळला नाही.'"

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"आता शेवटचं म्हणून हेड मेकॅनिकना पाठवते. त्यांनाही नाही सापडला, तर तक्रार कायमची बंद करावी लागेल."

तक्रार बंद म्हणजे फोन बंद. चांगल्या चालणाऱ्या गाडीबद्दल माणूस कंपनीला काय म्हणून फोन करणार? त्या दिवसापासून मी गाडी मुद्दाम खड्ड्यांतून नेऊ लागलो. टकटक ऐकली की जिवात जीव यायचा.

हेड मेकॅनिक म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई निघाल्या. बाह्या वर, नखांत काळं. मी त्यांच्यासाठी शेजारचं दार उघडलं. त्या बसल्याच नाहीत.

"रोज एकटेच चालवता?"

"हो."

"मग मी कशाला बसू?" त्यांनी काडेपेटीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र आत चिकटवलं. "नेहमी जाता तसे जाऊन या."

मी जाऊन आलो. त्यांनी यंत्र बॉनेटवर ठेवून सुरू केलं. तोवर काका आणि इतर चार जण जमले होते.

टक. टकटक.

"ऐकलंत?" मी म्हणालो. "ऐकलंत ना काका?"

"थांबा," मेकॅनिकबाई म्हणाल्या. "पुढे कुणीतरी बोलतंय."

यंत्रातून माझा आवाज आला, "बघितलंस, कसलं वळण घेतलं! घाबरलीस?"

टक.

"नाही ना? मला वाटलंच. परत जाताना पुलावरून जाऊ, तुला आवडतं."

टकटक.

"हां, तेच म्हणतोय मी."

काका आपल्या चपला बघू लागले. मेकॅनिकबाईंनी यंत्र बंद केलं. मग वाकून शेजारच्या सीटचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून खट्कन लावून टाकला.

"पट्ट्याची कडी लोंबते आणि दाराला आतून आपटते. माणूस बसला की पट्टा लागतो, आवाज बंद. बाकीच्या गाड्यांत..." त्या थांबल्या.

"बाकीच्या गाड्यांत कुणीतरी बसतं," मी म्हणालो.

"लावून ठेवत जा," त्या हळूच म्हणाल्या आणि तक्रार बंद करून गेल्या.

गाडी एकदम गप्प झाली. महिनाभर मीही. मग एक दिवस फोनच आला. कंपनीचा. त्यांनी केलेला.

"एक्केचाळीस, अभिनंदन हं."

"कशाबद्दल?"

"गाडी आम्हाला सगळं कळवत असते ना. महिनाभर शेजारचा पट्टा रोज लागतोय. छान वाटलं. कंपनीतर्फे तुमच्या जोडीदारासाठी जॅकेट पाठवतोय. माप काय सांगू?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी एकच शब्द बोललो.

"मिडियम."

जॅकेट काल आलं. सीटला चढवून पाहिलं, खांद्यात जरा घट्ट होतंय. बदलून मिळेल का ते विचारायला उद्या फोन करायला हवा.